नाल्याशी बंद पडणारी फटफटी

फटफटी आमच्या घरी आली तेव्हा तिच्या सीटच्या फाटक्या स्पंजात एक कोंबडी खुडूक बसलेली होती. सरपंचांचा गडी गाडी ढकलत आणत होता आणि मागून सरपंचांच्या आई काठी टेकत, ओरडत येत होत्या, "गाडी घ्या, पर कोंबडी आमची हाय. अंड्यावरनं उठवू नका तिला!" सरपंचांनी जीप घेतल्यापासून ती फटफटी त्यांच्या गोठ्यात पडून होती. जुनी ती तेव्हाच होती. आता असल्या गाड्यांना विंटेज म्हणतात. पुण्याकडची पोरं येतात, टाकीवरून हात फिरवतात, "काका, काय देखणी गाडी आहे" म्हणतात आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. मी मान हलवतो. त्या देखण्या गाडीच्या उलट्या किकनं माझ्या उजव्या नडगीवर केलेली खूण मी त्यांना दाखवत नाही. दाखवली की सगळं सांगावं लागतं, आणि सांगायला लागलो की या वयातही माझं डोकं तापतं.

आमची वस्ती घाटनांदूरपासून आत, माळावर. घरात मेंढरं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्यावर एका माजलेल्या एडक्यानं टक्कर मारली तेव्हापासून त्यांचा पाय नीट वाकत नव्हता. त्यामुळे मेंढरांमागं फिरायचं काम त्यांच्या धाकट्या भावावर, तात्यांवर पडलं. तात्या कळप घेऊन चाऱ्याच्या मागं हिंडत, कधी धर्मापुरीच्या अंगाला, कधी त्याच्याही पलीकडं डोंगरात. जिथं मेंढरं मुक्कामाला बसतील तो आमचा वाडा. त्या वाड्यावर पीठ, मीठ, मेंढरांची औषधं कुणीतरी पोचवायला लागायची आणि ते कुणीतरी म्हणजे मी. पण त्या वर्षी मी अंबाजोगाईच्या कॉलेजात नाव घातलं होतं. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. फाट्यापर्यंत पायी, तिथून एसटी. वाड्यावर चालत जाऊन यायचं तर दिवस मोडायचा, म्हणजे कॉलेज बुडायचं. त्यावर अण्णांनी काढलेला तोडगा म्हणजे ही फटफटी. उन्हाळ्यात आमची मेंढरं सरपंचांच्या रानात बसणार होती. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत पडतं आणि त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो, ही आमच्याकडची रीत. अण्णांनी धान्य सोडलं आणि गोठ्यातली गाडी मागितली. मला म्हणाले, "हे बघ खंडू, गाडी चालली तर कॉलेज. न्हाई चालली तर तू वाड्यावर, तात्यासंगं. मला दुसरं काय सुचत न्हाई."

इतकं सरळ होतं ते. माझं सगळं शिक्षण एका जुन्या इंजिनाच्या मर्जीवर टांगलेलं होतं.

घर आमचं दोन खणांचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत अण्णा लांब पाय करून बसत आणि टकळीवर लोकर कातत. टकळी भुईला टेकून फिरायची तिचा एक बारीक घरघर आवाज असे, तो अजून माझ्या कानात आहे. माय चुलीपुढं. सकाळी ज्वारीची भाकर थापल्याचा आवाज, संध्याकाळी हुलग्याच्या माडग्याचा वास, आणि दिवसभर सगळीकडं लोकर. ताकात लोकर, पांघरुणात लोकर, माझ्या कॉलेजच्या सदऱ्यावर लोकर. वर्गातली पोरं मला लांबूनच "बें" करायची. घरात मात्र भाकरीत तंतू निघाला तर कुणी बघायचंसुद्धा नाही, काढायचा आणि पुढचा घास घ्यायचा. लोकर म्हणजे आमच्या घरची धूळ. धुळीकडं कोण लक्ष देतं?

पेट्रोल गावातल्या विठ्ठलशेठच्या किराणा दुकानात मिळे. रॉकेलच्या जुन्या डब्यात ठेवलेलं, तळाला गंज, आणि हवा बदलली की त्यात पाणी. पंप लांब, आणि एसटीत पेट्रोलचा कॅन कंडक्टर चढू देत नसे. पहिल्याच दिवशी मी शेठकडून भरून आणलेली बाटली मायनं उजेडात धरली, हलवली आणि म्हणाली, "ह्यात पाणी हाय. गाळून वत."

"कापड दे मग."

"कापडातनं पाणी बी जाईल की. थांब जरा."

तिनं आत जाऊन जुन्या घोंगडीचा एक कोपरा कातरून आणला, पत्र्याच्या नरसाळ्यात बसवला आणि वरून पेट्रोल ओतायला सांगितलं. पेट्रोल झिरपून खाली गेलं आणि काळ्या लोकरीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे राहिले. मायनं ते बोटानं झटकले. "घोंगडीतनं पाऊस आत येत न्हाई, मंग पाणी कसं जाईल?" ती म्हणाली. अण्णा टकळी थांबवून बघत राहिले. पुढं सरपंचांचा ड्रायव्हर आला होता, त्यानंही ते बघितलं आणि "वहिनी, डोकं लई चालतंय तुमचं" म्हणाला. ते वाक्य मायनं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. तेव्हापासून टाकीत पेट्रोल ओतायचं काम तिचं. मी बाटली धरायची, ती गाळणी धरणार. तिच्या हातून गाळल्याशिवाय थेंब आत जात नसे.

सुरुवातीला गाडी झकास चालली. मी पहाटे उठून वाड्यावर पीठ टाकून यायचो, आंघोळ करून फाट्यावर एसटीला हजर. तात्या खूश, अण्णा खूश. मी कॉलेजात मान ताठ करून फिरायला लागलो. आणि मग एका सकाळी निंबाच्या नाल्याचा चढ चढताना गाडीनं दोन आचके दिले आणि गप झाली.

किक मारली, काही नाही. चोक ओढला, काही नाही. पिठाचं गाठोडं खाली उतरवलं, प्लग काढला, पुसला, परत लावला. घामाघूम होऊन मी नाल्याच्या कडेला बसलो. थोड्या वेळानं उगाच एक किक मारली तर गाडी अशी सुरू झाली, जशी काही ती कधी बंदच पडली नव्हती. वाड्यावर पोचलो. येताना परत बंद. परत बसलो, परत सुरू. त्या दिवशी कॉलेज बुडलं. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "चढाला दम लागला आसंल. जित्राब हाय का यंत्र हाय, दम सगळ्याला लागतोय. बसू देत जा."

दम! मी त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांशी वर आवाजात बोललो.

गावात नागनाथ मिस्त्री होता. त्याचं दुकान म्हणजे बाभळीखालचं एक खोकं, पण बोलणं असं की सगळ्या तालुक्याच्या गाड्या त्याच्यावाचून अडून आहेत. त्यानं कार्बुरेटर खोलला, जेटमध्ये तोंडानं फुंकर मारली, डोळ्याला लावून सूर्याकडं बघितलं. "आरपार दिसतंय. कचरा न्हाई." मग पाइप काढून तोटी सोडली. पेट्रोल भळाभळा आलं. त्यानं लगेच तोटी बंद केली. "बघ, पेट्रोल धो धो येतंय. इकडनं काय बी न्हाई." प्लग बदलला, पॉइंट घासला, गाडी सुरू केली. गाडी त्याच्या दुकानापुढं आम्ही चहा पिऊन होईपर्यंत उभ्या जागी चालत राहिली, एकदाही अडखळली नाही. दुसऱ्या सकाळी नाल्याशी बंद.

पुढचे सगळे दिवस असेच गेले आणि ते आठवले की मला आजही माझ्या धाकट्या सुनेची ती बटणावर चालू होणारी स्कूटर बघून राग येतो. गाडी अंगणात चालायची. सगळ्यांदेखत चालायची. सरपंच आले की चालायची, मिस्त्री आला की चालायची. मी एकटा, मागं पिठाचं गाठोडं आणि पुढं चढ, असं झालं की मरायची. मिस्त्रीनं पाइप नवा टाकला. टाकीच्या झाकणाचं वाऱ्याचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण सैल ठेवून चालवायला सांगितलं. तर दर खड्ड्याला पेट्रोल उडून माझी एकुलती एक चांगली पँट भिजली आणि वर्गात माझ्या बाकावर कुणी बसेना. मी म्हटलं तोटीच खोलून बघू. तर म्हणे, "तोटीला हात लावायचा न्हाई. जुन्या गाडीची तोटी एकदा खोलली की जल्मभर गळती. पेट्रोल तर येतंय ना?" शेवटी तो वैतागून म्हणाला, "गाडीत खोट न्हाई बे, तुला चालवता येत न्हाई. गिअरात मारतोस तिला तू."

त्याच आठवड्यात किक उलटी फिरली आणि नडगी फुटली. मी लंगडत घरी आलो आणि गाडीला लाथ घातली. ती दुसऱ्या पायाला लागली.

मायला काळजी माझीही आणि गाडीचीही. तिचं एकच म्हणणं, शेठचं पेट्रोल घाण हाय. दर वेळी गाडी बंद पडली की ती गाळणी आणखी नीट करायची. जुना कोपरा झिजला म्हणून तिनं नवीन, न वापरलेल्या घोंगडीचा तुकडा घेतला. मग तोही पातळ वाटला म्हणून त्याची दुहेरी घडी शिवली. रात्री जेवणं झाल्यावर दिव्यापाशी बसून ती घडी टाचत होती, तेव्हा मला तिची दया आली होती. "आता बघ, मुंगीचा पाय बी जायचा न्हाई ह्यातनं," ती म्हणाली. त्यानंतर गाडी नाल्यापर्यंतसुद्धा पोचेनाशी झाली.

मग तात्या आले. बोलावणं नाही, निरोप नाही, दुपारच्या उन्हात तात्या थेट वाड्यावरून चालत आले. मेंढरं शेजारच्या वाड्यातल्या गड्यावर सोडून. अंगात ताप, ओठ फुटलेले. आदल्या दिवशी मी पीठ घेऊन निघालो होतो आणि गाडी ढकलत परत आलो होतो. तात्यांनी दोन दिवस शेळीच्या दुधावर काढले होते. ते पडवीत बसले, मायनं दिलेलं पाणी प्यायले आणि माझ्याकडं न बघता अण्णांना म्हणाले, "दादा, माझ्यानं न्हाई होत आता एकट्यानं. पोरगं धाडा. त्या डबड्याच्या भरवशावर मी मरायचो."

माय काहीतरी बोलायला गेली. "भाऊजी, एवढं वरीस..."

"वहिनी, तुमचं पोरगं शिकंल, पर मी मेल्यावर."

मायनं भाकर केली, पिठलं केलं, तात्या जेवून तिथंच झोपले. अण्णांनी टकळी हातात घेतली पण कातली नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "सोमवारपासनं तू वाड्यावर. भंगारवाला येतोय उद्या, गाडी त्याला देऊन टाकू."

मला रडू आलं नाही. राग आला, तात्यांचा नाही, त्यांचं बरोबरच होतं. अण्णांचाही नाही. त्या गाडीचा. मेंढराला रोग झाला तर कळतो, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो. ह्या लोखंडाला काहीच होत नव्हतं. सगळं नीट होतं आणि तरी माझं कॉलेज गेलं होतं.

सकाळी अण्णा म्हणाले, टाकीतलं पेट्रोल काढून ठेव, भंगारवाल्याला कशाला फुकट द्यायचं? मी जर्मनची किटली घेतली, पाइप काढला, किटलीच्या तोंडात धरला आणि तोटी सोडली. पेट्रोल धो धो आलं. आजवर आम्ही सगळ्यांनी एवढंच बघितलं होतं आणि तोटी बंद केली होती. आज बंद करायचं कारण नव्हतं. मी बसून राहिलो. किटलीचा तळ भरला आणि धार बारीक झाली. आणखी बारीक झाली. मग थेंब. मग थेंबही नाही.

मी झाकण उघडून टाकीत डोकावलो. टाकी अर्धी भरलेली.

मी पाइप तोंडात धरून आत फुंकलं. टाकीत बुडबुडे आले, परत धार सुटली, परत बारीक झाली, परत बंद. तोंडात पेट्रोलची चव घेऊन मी वेड्यासारखा हसत होतो. अण्णा काठी टेकत आले. मी टाकी उतरवली, तिच्या तोंडातून राहिलेलं पेट्रोल किटलीत ओतलं आणि मिस्त्रीनं हात लावू नको म्हटलेली तोटी पान्यानं खोलली. तोटीच्या डोक्यावर टाकीच्या आत बोटाएवढी बारीक जाळी असते. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळ्या लोकरीची टोपी बसली होती, दाट, गच्च, एखाद्यानं मुद्दाम विणून घातल्यासारखी. इंजिन जोरात पेट्रोल ओढायला लागलं की ती जाळीला घट्ट चिकटायची. गाडी थांबली की ओढ सुटायची, लोकर फुगून ढिली व्हायची आणि पेट्रोल परत येतंय असं दिसायचं. उभ्या गाडीला पेट्रोल लागतंच कितीसं? म्हणून ती अंगणात चालायची. पाणी अडवणारी ती घोंगडी दर वेळी आपले तंतू टाकीत सोडत होती आणि माय जितकी नवी, जितकी जाड गाळणी करत होती तितके जास्त.

मी ती टोपी नखानं सोलून काढली आणि ओरडणार होतो. खरंच ओरडणार होतो. सगळा पावसाळा माझा गेला होता ह्यात, पँट गेली, नडगी फुटली, तात्या उपाशी राहिले. अण्णांनी माझ्या हातातून ती लोकर घेतली, चिमटीत धरून बघितली, आणि आत चुलीशी बसलेल्या मायकडं नजर टाकली.

"तिला बोलू नको," ते हळूच म्हणाले.

"कावून न्हाई बोलायचं?"

"तिनं तुझ्यासाठीच गाळलंय हे. तिच्यापायीच गाडी बंद पडत होती हे कळलं, तर ती चार दिवस तुकडा मोडायची न्हाई. गाडी चालतीय ना आता? मंग झालं." आणि ती ओली लोकर त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

गाडी जोडली. तात्यांना मागं बसवून, पिठासकट, मी निंबाचा नाला एका दमात चढलो. वाड्यावर उतरल्यावर तात्या फक्त "हं" म्हणाले. भंगारवाला रिकाम्या हातानं गेला आणि सोमवारी मी फाट्यावर एसटीला उभा होतो.

राहिली गाळणी. पुढच्या वेळी माय नरसाळं आणि गाळणी घेऊन आली तेव्हा अण्णांनी ती तिच्या हातातून घेतली आणि सीटवर अंथरली. "शीट लई तापतंय उन्हात. हे बरं हाय बसायला."

"मंग गाळायचं कशानं?"

"आता पंपावरनंच आणायचं. पंपावरचं साफ असतंय."

त्या एका वाक्यापायी अण्णा पुढं कितीतरी वर्षं पंपावर जात राहिले. मी शिकलो, नोकरीला लागलो, लांब गेलो. अण्णांना किक मारता यायची नाही, म्हणून वस्तीवरच्या कुणालातरी हाक मारून गाडी सुरू करून घ्यायची, दुखरा पाय लांब धरून पंपापर्यंत जायचं, तिथं पंपावरच्या पोरांची मनधरणी करून परत किक मारून घ्यायची. विठ्ठलशेठचं दुकान दारापासून हाकेवर होतं. मी सुट्टीला आलो की चिडायचो, "अण्णा, सांगून टाका की आता." ते म्हणायचे, "राहू दे, जुनी गोष्ट हाय."

अण्णा गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले. माय पडवीत सूप घेऊन तूर निवडत होती आणि मी गाडीवरची धूळ पुसत होतो. टाकी कोरडी होती. बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पंपावर जाऊन येतो. हिला दुसरं पेट्रोल चालत न्हाई."

"चालतंय सगळं," माय म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "सदरा धुवायला टाकला होता तुझ्या बापानं, त्याच दिवशी. खिशात लोकर. पेट्रोलचा वास मारत होता. माझ्या हातची लोकर मला वळखू येत न्हाई का?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मंग बोललीस कावून न्हाई?"

"तुमी बोललाव का?" ती आता चिडली होती. इतक्या वर्षांचं एकदम वर आलं. "दोघं बापलेक तोंड शिवून बसले. मी काय काचंची होते? आधी राग आला. म्हणलं, सांगत न्हाईत ना, जाऊ द्या पंपावर, किती दिवस जातेत बघू. मंग तो माणूस जातच राहिला. दर बारीला वाटायचं, आज सांगंल. मी दारात उभी राहून त्याचा पाय बघायचे." सुपातली तूर तशीच पडली होती. "खालून धोतराचा एक पदर लावला असता की तंतू अडकले असते. एवढंच काम होतं, खंडू. एवढंच."

ती उठून आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात अण्णांच्या धोतराचा तुकडा होता. सीटवरची ती झिजलेली गाळणी तिनं उचलली, झटकली, धोतराचा तुकडा खालून लावून नरसाळ्यात बसवली आणि मला म्हणाली, "जा, शेठकडनं बाटली घेऊन ये."

मी बाटली धरली, तिनं गाळणी धरली. पाण्याचे थेंब लोकरीवर राहिले, ते तिनं बोटानं झटकले. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. निंबाचा नाला मी सरळ चढून गेलो, एक आचका नाही की अडखळणं नाही. वर गेल्यावर मीच गाडी बंद केली, आणि कडेला बसून त्या दोघांवर इतका चिडलो, इतका चिडलो, की घरी परत जायला अंधार झाला.